जुन्या सिनेमांत घरातली गुपितं, भानगडी उघड का बोलत नसत? सेन्सॉरची भीती होती का?

हॉलिवूडपुरतं म्हणाल तर हो. तिथे १९३४ पासून नियमावली कडक झाली. दिग्दर्शक विल्यम वायलरने लिलियन हेलमनचं एकच नाटक दोनदा पडद्यावर आणलं. १९३६ साली दोन शिक्षिकांच्या प्रेमाची कुजबुज बदलून एकीची दुसरीच्या होणाऱ्या नवऱ्याशी भानगड करावी लागली. १९६१ साली मूळ विषय परत आला. तरी ती कुजबुज पसरवणारी पोर गाडीत आपल्या आजीच्या कानात काय सांगते ते आपल्याला ऐकू येतच नाही, फक्त आजीचा चेहरा दिसतो.

आपल्याकडचं वेगळं आहे. १९३३ च्या 'कर्मा'त देविकाराणी आणि हिमांशू राय यांचं चुंबन आहे, म्हणजे मनाई तेवढी नव्हती. मग चार वर्षांनी, इथेच पुण्यात, प्रभात फिल्म कंपनीने केलेला 'कुंकू' गप्प का राहतो?

लॉ कॉलेज रस्त्यावरच्या चित्रपट संग्रहालयात मी तो आजीबरोबर पाहिला. नीराचं लग्न फसवून म्हाताऱ्या वकिलाशी लावलंय आणि ती त्याची बायको व्हायला तयार नाही. खोलीच्या आत काय अडलंय, ते कोणी तोंडाने बोलत नाही. सावत्र मुलाची नजरही वाईट आहे. दिग्दर्शक व्ही. शांताराम, म्हणजे शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत ठेवलेलंच नाही. त्यामुळे भिंतीवरचं जुनं घड्याळ नुसतं टिकटिकलं तरी अंगावर येतं.

आजी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. एकदाच म्हणाली, "माईआत्याकडे अस्संच घड्याळ होतं." माईआत्या बिजवराला दिलेली, एवढंच मला ठाऊक होतं.

माझं मत असं, की सांगायची गरजच नव्हती. म्हाताऱ्याशी कोवळ्या मुलीचं लग्न, म्हणजे जरठकुमारी विवाह, यावरचं 'संगीत शारदा' नाटक १८९९ चं. असे विवाह प्रत्येक आळीत होते. थिएटरातल्या बाईला खोलीतलं दाखवून काय मिळणार होतं? घड्याळ ऐकवलं की बाकीचं ती स्वतःच्या घरातून आणायची. मला हे धाडस चुंबनापेक्षा मोठं वाटतं.

रिक्षात बसल्यावर मी विचारलं, माईआत्याचं पुढे काय झालं? "वर्षाच्या आत माहेरी आली, परत गेली नाही."

"का गं?"

"विचारायचं नसतं ते," आजी म्हणाली आणि नळ स्टॉपपर्यंत बाहेर बघत राहिली.