‘सगळ्यांनाच मिळतात’ ती सात पदकं

प्रश्न: बाबा 1998 साली नौदलातून कमांडर म्हणून निवृत्त झाले, गेल्या दिवाळीनंतर गेले. त्यांची सात पदकं एका पट्टीवर आहेत, यादी सोबत जोडली आहे. मेलबर्नचा भाऊ म्हणतो, तीन मला दे, चार तू ठेव. लष्करातला आतेभाऊ म्हणाला, यात शौर्याचं एकही नाही, ही सगळ्यांनाच मिळतात. ऐकून मला चक्क बरं वाटलं, मग लाज वाटली. बाबांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी चार महिन्यांची होते. एकाही गॅदरिंगला ते नव्हते. 9 डिसेंबरला तर घरी असूनही कोणाशी बोलायचे नाहीत. आई पदकं पितांबरीने घासायला निघाली आहे. काय करू?

उत्तर: आधी आईच्या हातातली पितांबरी काढून घ्या. पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव बारीक कोरलेलं असतं. घासून घासून तेच झिजतं. मऊ कोरडं फडकं पुरे.

आतेभाऊ अर्धं खरं बोलला. तुमच्या यादीतली तीन पदकं नऊ, वीस आणि तीस वर्षांच्या सेवेची. दोन स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या आणि पन्नासाव्या वर्षाची. 1972 आणि 1997 साली जे वर्दीत होते त्यांची. 71च्या युद्धाचं संग्राम पदकही पुष्कळांकडे सापडेल. पश्चिमी स्टार मात्र त्या युद्धात पश्चिम आघाडीवर असलेल्यांचा.

आणि तुम्ही जाता जाता लिहिलेली ती तारीख. 9 डिसेंबर 1971च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानी पाणबुडीने टॉर्पेडो मारून आयएनएस खुकरी बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. बाबा तेव्हा कुठल्या जहाजावर होते ते तुम्ही लिहिलेलं नाही, बहुधा ठाऊकही नसावं. त्यांचं कोणी खुकरीवर होतं का, हे मी इथे बसून कसं सांगू? त्यांच्या कोर्समेटना, म्हणजे बरोबर प्रशिक्षण घेतलेल्यांना, विचारा. एका कोर्सची माणसं म्हातारपणीही एकमेकांची खबर ठेवून असतात. तेराव्याला कोण कोण आलं होतं, आठवून बघा.

बरं वाटल्याची लाज कशाला? बाबा घरात नसायचे आणि बाहेर सगळे त्यांना सलाम करायचे. मुलीला याचा राग येणारच. पश्चिमी स्टार बघून गॅदरिंगची रिकामी खुर्ची भरत नाही. राहू द्या तो राग.

वाटणीचं म्हणाल, तर पट्टी तोडू नका. पदकांचा क्रम ठरलेला असतो. तीन-चार अशी फोड केली तर दोन्हीकडे नुसतं धातूचं मोडकंतोडकं उरेल. रात्रीच्या मेस डिनरला अधिकारी याच पदकांच्या छोट्या प्रतिकृती लावतात, त्यांना मिनिएचर म्हणतात. बाबांच्या काळ्या ट्रंकेत, मेसच्या पांढऱ्या जॅकेटबरोबर तो संच असेल तर मेलबर्नला पाठवा. नसेल तर नवा करून मिळतो.

मूळ पट्टी कोणाकडे? तुम्ही भावंडांनी तीन-चारचा हिशेब मांडलात, आणि आईच्या वाट्याला फक्त घासणं? मुलं लहान असताना बदल्यांमागून संसार बांधून नेणारी ती. तिला एकदा विचारा तरी.

कोर्समेटना फोन सकाळी अकराच्या आत करा. दुपारी ही मंडळी झोपतात, आणि झोपमोड केलेली त्यांना मुळीच खपत नाही.