तुमचे प्रश्न: माळ्यावरचा राउटर आणि बिनकागदाचा डबा

प्रश्न (डोंबिवलीहून): नमस्कार सर, मी सीसीएनए या सिस्कोच्या नेटवर्किंग परीक्षेची तयारी करतोय. घरी सेकंडहँड सिस्को १८४१ राउटर आणि एक २९६० स्विच आहे. राउटरचा पंखा एवढा घोंघावतो की आई म्हणते, घरात पिठाची गिरणी काढलीस का, म्हणून सगळं माळ्यावर टाकलं. आता राउटरला हुकूम द्यायची कन्सोल केबल लॅपटॉपपर्यंत पोचत नाही. लॅमिंग्टन रोडला एक जुना मोक्सा एनपोर्ट ५११० (कन्सोलसारखा सीरियल पोर्ट लॅनवर आणणारा डबा) मिळाला, नुसता डबा, सोबत ना ॲडाप्टर ना कागद. जुन्या मोडेमचं १२ व्होल्टचं ॲडाप्टर लावलं, घरच्या वायफाय राउटरला लॅन केबलने जोडला, दिवे लागतात पण राउटरच्या यादीत तो दिसतच नाही, पिंग पण नाही. खराब माल गळ्यात मारला का?

उत्तर: दिवे लागतायत ना, मग डबा बहुतेक धडधाकट आहे, त्याचा पत्ता तेवढा वेगळ्या गल्लीतला आहे. हा डबा कारखान्यातून निघतो तेव्हा स्वतःला १९२.१६८.१२७.२५४ समजतो आणि राउटरकडे ॲड्रेस मागतच नाही, त्यामुळे तुमच्या १९२.१६८.१ वाल्या घरात तो शेजारी बसूनही कोणाला दिसत नाही. यादीत शोधणं सोडा.

वायफाय राउटर बाजूला ठेवा आणि डबा साध्या लॅन केबलने थेट लॅपटॉपला जोडा. लॅपटॉपचं वायफाय बंद करा, लॅन कार्डला हाताने १९२.१६८.१२७.१० द्या, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे रिकामं सोडा, आणि मग १९२.१६८.१२७.२५४ ला पिंग मारा. उत्तर आलं तर अर्धं काम झालं. नाही आलं तर आधीच्या मालकाने स्वतःचा ॲड्रेस टाकून ठेवलेला असणार, सेकंडहँड मालात हे हमखास असतं. अशा वेळी रिसेटचं बारीक भोक शोधा, सरळ केलेली यू-पिन आत घालून दाबून धरा, रेडी दिवा साधारण पाच सेकंद लुकलुकतो आणि मग स्थिर होतो, तो स्थिर झाला की सोडायचं. लोक लुकलुक बघून घाबरून मधेच सोडतात आणि मग म्हणतात रिसेट होत नाही. (ॲडाप्टरचं म्हणाल तर ५११० ला १२ ते ४८ व्होल्ट डीसी चालतं, तरी डब्याखालचं लेबल वाचा आणि पिनचं प्लस-मायनस जुळतंय का ते बघा, हे मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी कोणीतरी जाळून घेतं.)

आता पान उघडायचं. ॲड्रेसच्या आधी एचटीटीपी स्वतः टाइप करा, कारण आजचे ब्राउझर आपणहून एचटीटीपीएस लावून बघतात आणि या म्हाताऱ्याला ते कळत नाही. जुन्या फर्मवेअरमध्ये पासवर्ड नसतोच, नंतरच्यात कंपनीचंच नाव छोट्या लिपीत असतं. आत गेलात की पहिलं काम म्हणजे तुमच्या घरचा ॲड्रेस द्यायचा, समजा १९२.१६८.१.२००, फक्त राउटर जो पट्टा आपणहून वाटतो त्याच्या बाहेरचा घ्या. सबमिट दाबून भागत नाही, खाली सेव्ह-रिस्टार्ट वेगळं दाबावं लागतं, तिथे माझीही एकदा अख्खी संध्याकाळ गेली होती. मग पासवर्ड टाका, लॅपटॉपचं लॅन सेटिंग पूर्ववत करा, वायफाय चालू करा आणि डबा परत घरच्या वायफाय राउटरला जोडा.

माळ्यावर चढवायच्या आधी मात्र पाच मिनिटं टेबलावर द्या. ऑपरेटिंग मोड टीसीपी सर्व्हर ठेवा, पोर्ट ४००१ असतोच. रिअल कॉम मोडमध्ये विंडोजला खोटा कॉम पोर्ट मिळतो खरा, पण त्यासाठी ड्रायव्हर बसवा, नवीन विंडोजवर तो चालतो का बघा, नुसत्या कन्सोलसाठी एवढं कशाला. सीरियल सेटिंगमध्ये डबा ११५२०० स्पीडवर असतो आणि फ्लो कंट्रोल (समोरच्याने परवानगी दिली तरच बोलायची पद्धत) आरटीएस-सीटीएस असतो, सिस्कोचा कन्सोल ९६०० वर, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. तेव्हा ९६०० करा आणि फ्लो कंट्रोल नन (None) करा. हे नन विसरू नका, कारण पुढची चाचणी त्याच्यावरच अडते.

चाचणी अशी. डब्याच्या मागे नऊ पिनांचा मेल सॉकेट आहे. वरच्या ओळीत पाच पिना, आणि सॉकेटकडे समोरून बघितलं की डावीकडून मोजायचं, दुसरी आणि तिसरी पिन. पॉवर काढा, वायरीतून तांब्याचा एक केस सोडवा आणि या दोन पिनांना आठच्या आकड्यासारखा गुंडाळा, चौथीला लागू देऊ नका. दोन म्हणजे येणारं, तीन म्हणजे जाणारं, म्हणजे डबा जे बोलेल ते स्वतःच ऐकेल. पॉवर द्या, पटी (PuTTY) या टर्मिनल प्रोग्राममध्ये कनेक्शन रॉ निवडा, ॲड्रेस आणि ४००१ टाका, टर्मिनलच्या सेटिंगमध्ये लोकल एको आणि लोकल लाइन एडिटिंग दोन्ही फोर्स ऑफ करा आणि उघडा. आता काळ्या खिडकीत काहीही टाइप करा. अक्षर उमटलं तर ते लॅपटॉपपासून त्या तांब्याच्या केसापर्यंत जाऊन परत आलंय, म्हणजे नेटवर्क, डबा, पोर्ट सगळं चोख. तार काढली की उमटायचं थांबलं पाहिजे, थांबलं नाही तर लोकल एको चालूच राहिलाय, म्हणजे पटी स्वतःच अक्षर छापतेय. आणि फ्लो कंट्रोल तसाच ठेवला असेल तर तार बरोबर असूनही काहीच उमटणार नाही, डबा आठ नंबरच्या पिनवर परवानगीची वाट बघत बसतो आणि तिथे परवानगी द्यायला कोणीच नसतं.

हे झालं की सिस्कोची निळी चपटी केबल थेट बसवा, तिचं टोक फीमेल आहे आणि तुमच्या डब्याचं मेल, कन्व्हर्टर लागत नाही. एंटर मारा. प्रॉम्प्ट ऐवजी भलतीसलती चिन्हं आली तर स्पीड चुकलाय.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो कारण आठवड्याने तुम्ही तेच विचारणार. लॅपटॉप झाकलात आणि परत उघडून जोडायला गेलात तर कनेक्शन नाकारलं जाईल. डबा एका वेळी एकच पाहुणा घेतो आणि जुना पाहुणा गेलाय हे त्याला सात मिनिटं कळत नाही. पानावर टीसीपी अलाइव्ह चेक टाइम ७ लिहिलेलं दिसेल, तिथे १ करा. किंवा मॅक्स कनेक्शन २ करा, मी तेच केलंय.

आणि मित्र म्हणेल पोर्ट फॉरवर्ड कर (म्हणजे घरच्या राउटरमधून डब्याचं दार इंटरनेटला उघड), कॉलेजातून लॅब वापर. अजिबात नको. या डब्याचं सगळं बोलणं उघडं जातं. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमध्ये हल्लेखोरांनी सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज घालवली, तेव्हा सबस्टेशनमधल्या अशाच जातीच्या सीरियल-इथरनेट डब्यांचं फर्मवेअरही बिघडवून टाकलं होतं, म्हणजे कंट्रोल रूममधून ब्रेकर परत लावायची सोयच राहिली नाही आणि माणसं गाडीने सबस्टेशनला पाठवावी लागली. तुमच्या माळ्याला कोणी हॅक करणार नाही म्हणाल, पण इंटरनेटवर असे पोर्ट खडखडवत फिरणारे प्रोग्राम माणूस बघून दार वाजवत नाहीत. बाहेरून हवंच असेल तर घरच्या राउटरवर वायरगार्ड हा व्हीपीएन चालवा.

प्रश्न (तेच वाचक, आठ दिवसांनी): सर, जमलं! आई खूश. पण राउटरला आधीच्या मालकाचा पासवर्ड आहे. रिकव्हरीसाठी ब्रेक दाबायचा म्हणतात, पटीतून दाबला तर काहीच होत नाही.

उत्तर: होणार नाही. ब्रेक म्हणजे अक्षर नाही, लाइन थोडा वेळ एकाच पातळीवर दाबून धरणं आहे, आणि रॉ टीसीपीतून फक्त अक्षरं जातात. रिअल कॉम किंवा आरएफसी २२१७ (ब्रेकसारखे इशारेही नेटवर्कवरून नेणारा) मोडमध्ये तो जातो. पण सिस्कोनेच सांगितलेली एक जुनी युक्ती आहे, मला ती फार आवडते. डब्याच्या पानावर स्पीड १२०० करा, पटी जोडा, राउटर बंद-चालू करा आणि लगेच स्पेसबार दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. १२०० वरचा एकेक बिट ९६०० वाल्या राउटरला आठ बिटांएवढा लांब वाटतो, आणि तो त्यालाच ब्रेक समजतो. स्क्रीनवर काही दिसणार नाही. स्पीड परत ९६०० करा, जोडा, रॉममॉनचा (राउटरच्या दुरुस्ती-मोडचा) प्रॉम्प्ट दिसला की confreg 0x2142 टाइप करा, म्हणजे राउटर पासवर्डसकट जुनी सेटिंग न वाचता उठेल, मग reset.

प्रश्न (कुडाळहून): माझ्या सोलर इन्व्हर्टरला आरएस-४८५ च्या दोनच वायरी आहेत. ५११० चालेल का?

उत्तर: नाही, तो फक्त आरएस-२३२ चा. ५१३० बघा, किंवा आरएस-२३२, ४२२ आणि ४८५ तिन्ही चालणारा ५१५०. दुकानदार "सगळे सेमच असतात" म्हणेल, खालचं लेबल स्वतः वाचा.