रेडिंगच्या बागेत येणारी तांबूस खार ही ‘लाल खार’ असू शकते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही नुकतेच रेडिंगला राहायला आला आहात, मागच्या बागेत रोज एक खार येते आणि तिच्या पाठीवर, पायांवर चांगला तांबूस रंग आहे. ती इंग्लंडची प्रसिद्ध लाल खार आहे का, नसेल तर ती कुठे दिसेल, आणि हिला शेंगदाणे घालत राहिलं तर चालेल का?

पहिल्याचं उत्तर, नाही. रेडिंगच काय, त्या सगळ्या पट्ट्यातून लाल खार कित्येक दशकांपूर्वीच गेली. तुमच्याकडे येते ती करडी खार, मूळची उत्तर अमेरिकेची.

इथे रंगावर अजिबात जाऊ नका. करड्या खारीला उन्हाळ्यात पाठीवर, बगलेत आणि पंजांवर मस्त विटकरी छटा चढते, आणि उलट लाल खारीचा हिवाळी कोट कधीकधी चक्क राखाडी-तपकिरी दिसतो. शेपूट बघा. करडीच्या शेपटीला पांढऱ्या केसांची किनार असते. ती उजेडाच्या आड बसली की ही झालर लगेच कळते. लाल खारीच्या शेपटीला अशी किनार नसते. कानांवरचे झुपके ही लालची खूण खरी, पण ती हिवाळ्यातली. उन्हाळ्यात ते झुपके झडून जवळजवळ नाहीसे होतात, त्यामुळे ऑगस्टमध्ये झुपके नाहीत म्हणून लाल नाही असं म्हणता येत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे आकार. आपल्याकडची तीन पट्ट्यांची खार शंभरेक ग्रॅमची, इथली लाल साधारण ३०० ग्रॅमची, करडी ५००-६०० ग्रॅमपर्यंत जाते. भीमाशंकरला दीड-दोन किलोचं शेकरू पाहिलेल्या माणसाला लाल खार पहिल्यांदा दिसते तेव्हा ‘एवढीशीच?’ असंच वाटतं.

करड्या खारी इथे आल्या त्या हौसेपोटी. पहिली नोंद १८७६ची, चेशायरमधल्या हेनबरी पार्कची. मग १८९०मध्ये बेडफर्डच्या ड्यूकने वोबर्नच्या आपल्या जहागिरीत दहा खारी सोडल्या आणि तिथून त्या इतर बड्या लोकांच्या बागांमध्ये भेटीदाखल वाटल्या गेल्या. आयर्लंडमध्ये तर १९११मध्ये कॅसल फोर्ब्सच्या एका लग्नात त्या करंडीतून आहेर म्हणून आल्या असं सांगतात. १९३७मध्ये त्या आणायला आणि पाळायला बंदी झाली, तोवर उशीर झाला होता. १९५०च्या दशकात सरकारने शेपटीमागे एक शिलिंग बक्षीस लावून पाहिलं. लोकांनी शिलिंगं घेतली, खारी काही कमी झाल्या नाहीत.

आज अंदाजे २७ लाख करड्या आणि जेमतेम २ लाख ८७ हजार लाल, असा ब्रिटनमधला हिशोब मांडला जातो. त्यातल्याही बहुतेक लाल खारी स्कॉटलंडमध्ये.

आता लोकांना वाटतं की करडी लाल खारीला मारून हाकलते. तसं नाही. दोघी एकाच झाडावर असल्या तरी फारशा भांडत नाहीत. मामला पोटाचा आहे. ओकच्या फळांमधलं टॅनिन करड्या खारीला पचतं, लालला नीट पचत नाही. हेझलनट तर करड्या खारी पिकायच्या आधीच फस्त करतात, लालच्या वाट्याला काही उरत नाही. रुंद पानांच्या जंगलात हेक्टरी एखादी लाल खार राहते तिथे करड्या आठपर्यंत राहू शकतात. मग लाल मादी अशक्त राहते, पिल्लं कमी होतात, आणि कुणी कुणाला न मारता पंधरा-वीस वर्षांत जंगल हातचं जातं.

त्यावर रोगाची भर. करड्या खारी देवीच्या विषाणूच्या जातीचा एक विषाणू बाळगून असतात, इथे त्याला स्क्विरलपॉक्स म्हणतात. करडीला त्याचं बहुधा काही होत नाही. लाल खारीच्या डोळ्यांभोवती, तोंडाला आणि बोटांना फोड येतात, तिला खाता येत नाही, आणि दोनेक आठवड्यांत ती जाते. २००८मध्ये लिव्हरपूलजवळच्या फॉर्म्बीला ही साथ आली तेव्हा तिथल्या ऐंशी टक्क्यांहून जास्त खारी गेल्या. उरल्यासुरल्यांपासून ती वस्ती पुन्हा उभी राहिली, हे त्यातल्या त्यात बरं.

एक गोष्ट मात्र इथले लोक सहसा सांगत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगते. आज जिच्या नावाने गहिवरून येतात, त्या लाल खारीला शंभर वर्षांपूर्वी याच देशात उपद्रवी म्हणून गोळ्या घालत होते. स्कॉटलंडच्या उत्तर भागात १९०३मध्ये हायलँड स्क्विरल क्लब नावाची जमीनदारांची संस्था निघाली होती. लाल खारी पाईनचे शेंडे आणि साल कुरतडतात, लाकडाचं नुकसान होतं, म्हणून ही संस्था शेपट्यांवर बक्षीस द्यायची. पुढच्या काही दशकांत ऐंशी हजारांहून जास्त लाल खारी मारल्या गेल्या. म्हणजे ‘आपली’ आणि ‘उपरी’ हा हिशोबही काळाप्रमाणे बदलतो. जाता जाता, आपली पाच पट्ट्यांची खार ऑस्ट्रेलियात पर्थच्या प्राणिसंग्रहालयातून निसटून आसपास वस्ती करून बसली आहे. तिथे ती उपरी.

तरीही करड्या खारी काढून टाकल्या पाहिजेत का? रामाने पाठीवरून बोटं फिरवल्याची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला खार मारायची कल्पना घशाखाली उतरत नाही. मलाही ती पुरती उतरलेली नाही. पण अँगलसीचं उदाहरण समोर आहे. वेल्सच्या या बेटावर १९९०च्या दशकाअखेर चाळीसेक लाल खारी उरल्या होत्या. तिथल्या करड्या खारी वर्षानुवर्षं पकडून संपवल्या, आणि आता लाल खारी शेकड्यांनी आहेत. हे दुसऱ्या कुठल्या मार्गाने झालं असतं असं मला तरी दिसत नाही. माझं मत असं की जिथे लाल अजून तग धरून आहेत तिथे हे करावंच लागेल. तुमच्या रेडिंगमध्ये मात्र एक करडी मारून कुणाचंच भलं होणार नाही, दोन दिवसांत शेजारची तिच्या जागी येईल.

पाईन मार्टिन परत आले तिथे थोडी वेगळी आशा दिसते. हा मांजराएवढा, झाडावर सरसर चढणारा शिकारी प्राणी. आयर्लंडच्या मध्य भागात त्याची संख्या वाढली तसतशा करड्या खारी ओसरल्या आणि लाल पुन्हा दिसू लागल्या. लाल खार हजारो वर्षं त्याच्या शेजारी राहिली आहे, वजनाने हलकी आहे आणि जमिनीवर कमी उतरते. करडीला त्याची सवय नाही. वेल्समध्येही २०१५पासून स्कॉटलंडहून पाईन मार्टिन आणून सोडले. याशिवाय करड्या खारींना हेझलनटच्या लगद्यातून गर्भनिरोधक द्यायचे प्रयोग चालू आहेत. ते जमलं तर माझ्यासारख्यांच्या मनाचा गुंता बराच सुटेल.

आता तुमच्या बागेकडे. मी लँकेशायरला राहते, माझ्याकडेही करड्याच येतात आणि मला त्या बघायला आवडतात. त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. फीडरवर ती उलटी लटकते तेव्हा तिच्या मागच्या पायांकडे बघा. घोटे पार मागे वळतात, नखं मागच्या बाजूला सालीत रुततात, म्हणून डोकं खाली करूनही ती आरामात खात राहते. शरद ऋतूत ती माझ्या कोथिंबिरीच्या कुंड्यांची पार वाट लावते. मॅगपाय हा काळा-पांढरा पक्षी बघत असेल तर तिचं नाटक रंगतं: खड्डा उकरते, तोंड आत घालते, पुढच्या पंजांनी माती थापटून सारखी करते, आणि हेझलनट तसाच तोंडात धरून कुंपणापलीकडे पसार होते. मॅगपाय येऊन खड्डा उकरतो, आत काही नसतं. खाण्यापेक्षा चोरांचाच हिला जास्त विचार.

खायला घालण्याबद्दल. तुमच्या भागात घाला, कायद्याने बंदी नाही. पण खारे किंवा मसाल्याचे शेंगदाणे नकोत, आणि नुसत्या शेंगदाण्यांवर ठेवू नका, त्यात कॅल्शियम कमी असतं. थोड्या सूर्यफुलाच्या बिया, सफरचंदाची फोड, असं बदलून द्या. फीडर दर आठवड्याला गरम पाण्याने धुवा, पक्ष्यांसाठीही ते गरजेचं आहे. पुढेमागे कंब्रियाला किंवा नॉर्थम्बरलँडला बदली झाली तर मात्र फीडर लावायच्या आधी चौकशी करा. तिथे दोन्ही खारी एकाच भांड्यात तोंड घालतात आणि रोग पसरायला आयती जागा मिळते.

आणि पिंजरा लावू नका. शेजारी सल्ला देतील की पकडून लांबच्या जंगलात सोडा. इंग्लंडमध्ये पकडलेली करडी खार पुन्हा सोडणं बेकायदा आहे, म्हणजे पकडली की मारावीच लागते, आणि पाण्यात बुडवून मारणं हा गुन्हा आहे. त्यावर खटले झालेले आहेत. माळ्यावर शिरली तर वायरी कुरतडते, तेव्हा भोक बुजवण्याआधी आत पिल्लं नाहीत ना याची खात्री करून घ्या. वसंताच्या सुरुवातीला आणि पुन्हा उन्हाळ्यात पिल्लं असतात.

लाल खार बघायची असेल तर तुमच्यासाठी सगळ्यात सोयीचं म्हणजे डॉर्सेटमधलं ब्राउनसी बेट. पूलहून बोटीने जायचं. समुद्राने वेढलेलं असल्याने करड्या तिथे पोचल्याच नाहीत, आणि दोनशेच्या आसपास लाल खारी आहेत. आइल ऑफ वाइटवरही आहेत, पण बेट मोठं, शोधावं लागतं. ब्राउनसीच्या खारींमध्ये कुष्ठरोगाचा जंतू सापडल्याचं २०१६मध्ये जाहीर झालं, आणि तो मध्ययुगीन इंग्लंडमधल्या माणसांच्या हाडांत सापडलेल्या जंतूच्या फार जवळचा निघाला. घाबरायचं कारण नाही, बेटावर लोक जातात-येतात. फक्त हात लावू नका आणि मेलेली दिसली तर उचलू नका. उत्तरेकडे आलात तर फॉर्म्बीचं पाईनचं रान आहे, त्याहून वर नॉर्थम्बरलँडमधलं कील्डरचं जंगल. कील्डरच्या सूचिपर्णी झाडांच्या बारीक बियांवर करड्या खारीचं पोट भरत नाही, लालचं भरतं, म्हणून तिथे इंग्लंडमधली सगळ्यात मोठी लाल वस्ती टिकली आहे.

फॉर्म्बीला मी जाते तेव्हा खार आधी ऐकू येते. वाऱ्याचा आवाज नसला की पाईनच्या शंकूच्या खवल्यांचा टपटप पाऊस कानावर पडतो. वर बघितलं तर ती फांदीवर बसून दोन्ही पंजांत शंकू धरून, आपण कणीस फिरवत खातो तशी तो फिरवत असते. एकेक खवला दातांनी उपटून त्याच्या मुळाशी असलेली बी काढायची, खवला टाकायचा, पुढचा धरायचा. सगळं संपलं की उरलेला दांडा बेफिकीरपणे खाली सोडून देते आणि तो कधीकधी आपल्या बुटांपाशीच येऊन पडतो. अशी टरफलं आणि दांडे पायवाटेवर ताजे दिसले की तिथेच थांबायचं, पुढे चालत सुटायचं नाही.

ऑक्टोबर उत्तम. पानं विरळ होतात, खारी हिवाळ्याची बेगमी करत दिवसभर जमिनीवर उतरतात, आणि कानांवर नवे झुपके यायला लागलेले असतात. शाळांना हाफ टर्मची सुट्टी असते तेव्हा ब्राउनसीला गर्दी होते, म्हणून शक्य असेल तर त्याच्या आधीचा आठवडा धरा आणि पहिल्या बोटीने जा. बोटी हिवाळ्यात बहुतेक दिवस बंद असतात, तारखा आधी बघून घ्या. खिशात शेंगदाणे नेऊ नका, तिथे खायला घालायचं नसतं.