गोतावळा पांगलेला, सण तोंडावर

सुट्ट्या जवळ आल्या की दूरदेशी विखुरलेल्या नातलगांना एकत्र कसं आणायचं, याबद्दल वाचकांची पत्रं वाढतात. त्यांतले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : आमचे नातलग तीन खंडांत आहेत. सणाला सगळ्यांचा व्हिडिओ कॉल ठरतो आणि दर वेळी कोणीतरी तासभर आधी येऊन ताटकळतं, नाहीतर सगळं संपल्यावर उगवतं. वेळ ठरवायची कशी?

उत्तर : बहुतेक वेळा हा दोष त्या माणसाचा नसतो, ‘उन्हाळी वेळे’चा असतो. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. युरोपात हाच बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. सिडनीत सगळं उलटं : ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे, एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे. अनेक देश घड्याळाला हातच लावत नाहीत. त्यामुळे ‘मागच्या वेळी तुमच्याकडे आठ वाजले होते’ हा हिशेब पुढच्या सणाला चालेलच असं नाही. डिसेंबरात न्यूयॉर्कला दुपारचे 3 वाजतात तेव्हा लंडनला रात्रीचे 8 आणि सिडनीला दुसऱ्या दिवशी सकाळचे 7 वाजलेले असतात, सगळ्यांना सोयीचं. जुलैत न्यूयॉर्कचे तेच 3 धरले तर लंडनला 8च वाजतात, पण सिडनीकरांना पहाटे 5 ला उठावं लागतं.

म्हणून निरोपात एकच वेळ लिहून ‘आपापलं बघा’ असं सोडू नका. प्रत्येक शहराची वेळ वारासकट लिहा : न्यूयॉर्क शनिवार दुपारी 3, लंडन शनिवार रात्री 8, सिडनी रविवार सकाळी 7. शिवाय गूगल कॅलेंडरवरून आमंत्रण पाठवा, ते ज्याच्या त्याच्या फोनवर स्थानिक वेळ आपोआप दाखवतं. ‘रात्री 12’ कधीच लिहू नका. ते शनिवारचे बारा की रविवारचे, यावर अर्धं घर चुकतं. 11:45 लिहा.

आणि ऐन सणाच्या दिवशी हा कॉल ठेवूच नये, असं आमचं मत आहे. त्या दिवशी प्रत्येक घरात पाहुणे असतात, हात कामात असतात आणि कॉलवर येणारा अर्धवट मनाने येतो. दोन दिवस आधीचा किंवा नंतरचा सुट्टीचा वार धरा. पहाटेचं जागरण करायची वेळ आलीच, तर ती दर वर्षी एकाच घराच्या वाट्याला येणार नाही एवढं पाहा.

प्रश्न : कॉलवर पंचवीस-तीस जण येतात. अर्धा वेळ ‘ऐकू येतंय का’ मध्ये जातो, उरलेल्या वेळात दोघंच बोलतात आणि बाकीचे हात हलवून निघून जातात. यात काही जीव आणता येईल का?

उत्तर : एका खोलीत तीस माणसं बसली की आपोआप सहा-सात घोळके होतात आणि सगळे एकाच वेळी बोलतात. कॉलवर तसं होऊच शकत नाही. सगळ्यांचे आवाज एकाच स्पीकरमधून येतात आणि जो मोठ्याने बोलतो त्याला पुढे करून यंत्रणा बाकीच्यांना दाबते. त्यामुळे मोठा कॉल चेहरे पाहण्यापुरता असतो. गप्पा पाच-सहा जणांतच होतात.

म्हणून दोन्ही करा. पहिली 15 मिनिटं सगळे एकत्र. मग झूममधल्या ‘ब्रेकआउट रूम’ वापरून पाच-पाच जणांच्या खोल्या करा. खोल्यांची वाटणी आधीच करून ठेवा आणि एका घरातल्या माणसांना मुद्दाम वेगवेगळ्या खोल्यांत टाका, नाहीतर रोज भेटणारेच पुन्हा एकमेकांशी बोलत बसतात. झूमच्या फुकट खात्यावर कॉल 40 मिनिटांत तुटतो, गूगल मीटवर तिघं किंवा त्याहून अधिक असले तर 60 मिनिटांत. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलला अशी मर्यादा नाही, पण त्यात 32 जणच मावतात आणि खोल्या करता येत नाहीत. 40 मिनिटांबद्दल लोक कुरकुरतात, आम्हाला मात्र ती मर्यादा उपकारकच वाटते. निरोप घेणं कोणालाच जमत नसतं, ते काम झूम करतं.

एक सूत्रधार लागतोच. तो घरातला सर्वांत थोरला नसावा, कारण थोरल्यांना कोणी थांबवत नाही आणि त्यांनाही दुसऱ्याला थांबवायला संकोच वाटतो. सगळ्यांना नावाने ओळखणारी मधल्या पिढीतली आत्या किंवा चुलतभाऊ उत्तम. त्याने ‘आणि काय म्हणताय सगळे?’ असं मोघम विचारू नये. त्यावर शांतता पसरते, मग चौघं एकदम बोलतात. नाव घेऊन, नेमकं विचारावं : नव्या घरातली खोली दाखवतेस का, परीक्षा कोणत्या तारखेला संपते.

आता तांत्रिक खोळंबे. कर्कश शिट्टी किंवा प्रतिध्वनी आला की समजावं, एका खोलीत दोन फोन एकाच कॉलवर आहेत आणि एकाच्या स्पीकरचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतोय. दुसऱ्या फोनचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद करावे लागतात, नुसतं म्यूट करून भागत नाही. चेहरा काळा दिसत असेल तर पाठीमागे खिडकी आहे, खुर्ची फिरवून खिडकी समोर घ्या. फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीवर आणि कशाला तरी टेकवलेला हवा. हातात धरला की पाचव्या मिनिटापासून छताचं दर्शन सुरू होतं. चित्र अडखळू लागलं तर आधी स्वतःचा कॅमेरा बंद करा. आवाजाला फार कमी इंटरनेट लागतं, तो टिकतो.

सगळ्यांनी मिळून एकदम गाणं म्हणण्याचा हट्ट मात्र सोडा. ताल धरून राहायला एकाचा आवाज दुसऱ्यापर्यंत साधारण 30 मिलिसेकंदांच्या आत पोहोचावा लागतो, आणि खंडापलीकडच्या कॉलमध्ये शंभराहून अधिक लागतात. एकाने म्हणावं, बाकीच्यांनी म्यूट होऊन ओठ हलवावेत. वाद्य असेल तर झूमचं ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा, नाहीतर झूम तंबोऱ्याला पंख्याची घरघर समजून गाळून टाकतो.

प्रश्न : आजींना कॉलवर आवाज येतो, पण बोलणं कळत नाही. आवाज पूर्ण वाढवूनही फरक पडत नाही.

उत्तर : पडणार नाही. वयामुळे ऐकू कमी येतं तेव्हा आधी वरच्या पट्टीतले ध्वनी जातात. स, श, त, ख, फ ही व्यंजनं तिथेच असतात. स्वर खालच्या पट्टीत असल्याने शाबूत राहतात. म्हणून ‘आवाज येतो, शब्द येत नाहीत’. आवाज वाढवला की स्वरच मोठे होतात आणि गोंगाट वाढतो. लहान मुलांचं बोलणं सर्वांत अवघड जातं.

फोनच्या बारक्या स्पीकरऐवजी कान झाकणारे हेडफोन द्या. कानात यंत्र असेल तर ते ब्लूटूथने फोनला जोडता येतं का पाहा, बऱ्याच नव्या यंत्रांना ती सोय असते. बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड हवा, कारण ओठ पाहून बरंच भरून काढलं जातं. बोलणं ओरडून नको, सावकाश हवं. तीस जणांच्या कॉलमध्ये त्यांना तासभर बसवू नका. पाच मिनिटं दर्शन, आणि दुसऱ्या दिवशी एकेका नातवंडाचा वेगळा कॉल.

ज्यांच्याकडे स्मार्टफोनच नाही त्यांच्यासाठी 18 पॉइंटच्या ठळक अक्षरांत छापलेलं एक पान आणि चार छापील फोटो पाठवा. प्रत्येक फोटोसोबत कोण कुठे उभं आहे ते लिहा.

प्रश्न : कुटुंबाच्या ग्रुपवर दिवसाला शंभर फॉरवर्ड येतात. बारशाची तारीख त्यात वाहून गेली आणि आम्ही गेलोच नाही.

उत्तर : दोन ग्रुप करा. एक गप्पांचा, तिथे काहीही चालू द्या, कोणाला टोकू नका. दुसरा फक्त तारखा आणि पत्त्यांचा, ज्यात सेटिंग बदलून केवळ अ‍ॅडमिनलाच लिहिता येईल असं करा. अ‍ॅडमिन दोन-तीन असावेत, वेगवेगळ्या घरांतले. तारीख ठरवायची असेल तर चर्चा नको, व्हॉट्सअ‍ॅपची मतचाचणी टाका. तिला 12 पर्यंत पर्याय देता येतात, पण तुम्ही तीनच द्या आणि उत्तराची शेवटची तारीख लिहा. गंभीर आजार किंवा मृत्यू यांची बातमी आधी फोनने, जवळच्यांना. ग्रुपवर सर्वांत शेवटी.

प्रश्न : सुट्टीत काढलेले आणि जुने, दोन्ही फोटो एका ठिकाणी आणायचे आहेत. ग्रुपवरून घेतलेले फोटो छापायला दिले तर फाटके येतात.

उत्तर : ग्रुपवर फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सअ‍ॅप त्याचा आकार घटवतं आणि काढल्याची मूळ तारीखही पुसली जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी जाते. मात्र त्यात फोटो काढल्याचं ठिकाणही असू शकतं, हे लक्षात ठेवा. अधिक बरं म्हणजे गूगल फोटोजवर एक सामायिक अल्बम करून त्याची लिंक द्या. त्यात 20,000 फोटो मावतात, पण प्रत्येकाचे फोटो त्याच्या स्वतःच्या फुकटच्या 15 जीबीतून जागा घेतात. ती जागा ईमेललाही लागते, त्यामुळे एखाद्या काकांचे फोटो येईनासे झाले तर आधी त्यांची मेलपेटी तपासा.

जुन्या फोटोंवर खरा वेळ घाला. 4 × 6 इंची फोटो 600 डीपीआयवर (म्हणजे इंचाला 600 ठिपके) स्कॅन केला तर 2400 × 3600 ठिपके मिळतात, म्हणजे 8 × 12 इंची छपाई स्वच्छ येते. स्कॅनर नसेल तर खिडकीच्या बाजूच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, फोन फोटोला अगदी समांतर धरा. नाव देताना वर्ष आधी लिहा : ‘1974 थोरल्या काकांचं लग्न’. म्हणजे फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. मूळ फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नका, दाब पुढच्या बाजूला उमटतो. मऊ पेन्सिल वापरा. पाठ गुळगुळीत प्लास्टिकची असेल तर पेन्सिल उठत नाही, मग पाकिटावर लिहा.

ओळख न पटणारे चेहरे कॉलवर स्क्रीन शेअर करून थोरल्यांना दाखवा. एका बैठकीत दहा फोटो पुष्कळ झाले. परवानगी घेऊन ते बोलणं रेकॉर्ड करा, कारण नावापेक्षा त्या नावामागची हकिगतच जास्त मोलाची निघते. सगळ्याच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावच्या नातलगाकडे.

प्रश्न : सगळ्यांना भेटी पाठवणं परवडत नाही, म्हणून चिठ्ठ्या काढून प्रत्येकाने एकालाच भेट द्यायची असं ठरवलं. पण दर वेळी कोणाला तरी स्वतःचंच नाव येतं आणि पुन्हा पहिल्यापासून.

उत्तर : येणारच. माणसं दहा असोत वा चाळीस, चिठ्ठ्या काढल्या की निदान एकाला तरी स्वतःचं नाव येण्याची शक्यता सुमारे 63 टक्के असते. त्यापेक्षा चक्र करा : नावांच्या चिठ्ठ्या ढवळून एका ओळीत मांडा, प्रत्येकाने पुढच्याला द्यायचं, शेवटच्याने पहिल्याला. स्वतःचं नाव येणं अशक्य. नवरा-बायको शेजारी आले तर एकाची जागा बदला. मांडणी करणाऱ्याला सगळं कळतं, म्हणून हे काम या खेळात नसलेल्याकडे द्या.

पार्सल परदेशी जाणार असेल तर वजनापेक्षा खोक्याचा आकार महाग पडू शकतो. बहुतेक कुरिअर लांबी, रुंदी, उंचीचा सेंटिमीटरमधला गुणाकार 5000 ने भागून येणारा आकडा किलो धरतात. 40 × 30 × 30 चं खोकं आतून रिकामं असलं तरी 7.2 किलोचं ठरतं. कस्टमच्या कागदावर नुसतं ‘भेट’ लिहू नका, ‘सुती शर्ट, 2 नग’ असं लिहा आणि किंमत खरी लिहा. भेट आहे म्हणून कर माफ होतोच असं नाही, आणि मोघम लिहिलेलं खोकं आधी उघडलं जातं. सुटी लिथियम बॅटरी, पॉवर बँक, अत्तर आणि बिया यांवर बहुतेक ठिकाणी बंधनं आहेत. ते घालूच नका.

प्रश्न : दोन काकांमध्ये अबोला आहे. दोघांनाही कॉलवर बोलवायचं का?

उत्तर : दोघांनाही, सारख्याच शब्दांत, आणि दुसराही येणार आहे हे आधी सांगून. अचानक समोरासमोर आणून दिलजमाई करायचा बेत आखू नका. खोल्या वेगळ्या ठेवा. एकजण आला नाही तर त्याचं कारण ग्रुपवर विचारू नका.

प्रश्न : ‘मी मामा बोलतोय, हा नवा नंबर, तातडीने पैसे पाठव’ असा फोन आला. आवाज मामासारखाच होता.

उत्तर : आवाजाची नक्कल आता सहज होते आणि सुट्टीत सगळे प्रवासात असल्याने असे फोन खरे वाटतात. फोन ठेवा आणि जुन्या नंबरवर स्वतः लावा. घरात एक परवलीचा शब्द ठरवा. तो प्रत्यक्ष भेटीत किंवा कॉलवर सांगा, ग्रुपवर लिहू नका.

प्रश्न : सण झाला की पुन्हा वर्षभर सामसूम. आमची बारा घरं आहेत.

उत्तर : बारा घरांत 66 जोड्या होतात. प्रत्येकाने प्रत्येकाला फोन करायचा म्हटलं तर कोणीच करत नाही. भेटींसारखंच चक्र इथेही लावा : प्रत्येक घराने महिन्यातून एकदा पुढच्या घराला फोन करायचा. म्हणजे करायचा एक, येणारा एक. दर तीन महिन्यांनी क्रम ढवळा, नाहीतर त्याच दोन घरांशी बोलणं होत राहतं. यादी दोघांकडे असू द्या आणि एखाद्या घराचा फोन गेला नाही तर त्या दोघांपैकी एकाने त्या घरी स्वतः फोन करावा. बहुतेक वेळा आजारपण किंवा बदली निघते, विसर नव्हे. फोन दहा मिनिटांचा पुरे. वेळ न ठरवता ‘करू कधीतरी’ म्हटलेला फोन होत नाही, म्हणून महिन्याचा पहिला रविवार असं काहीतरी पक्कं धरा.