दमा कुणाच्या घराण्यातून आला?

"पोराला दमा माझ्याकडूनच आला ना, मॅडम?" गोव्यात पर्वरीला सल्ल्यासाठी माझ्यासमोर बसून कितीतरी आयांनी हेच विचारलंय, म्हणून एकदा लिहूनच टाकते. ओळख लागू नये एवढे बदल करून एका घराचं सांगते.

डिचोलीकडचं जुनं घर सोडून फ्लॅटमध्ये आलेलं कुटुंब, सहा वर्षांचा मुलगा, रात्रभर खोकला, छातीत सूं सूं. सुनेच्या वडिलांना दमा होता, त्यामुळे सासूबाईंचा निकाल आधीच ठरलेला, "आमच्यात कुणाला नाही हो हे." सून मान खाली घालून, नवरा मोबाइलमध्ये.

मी एकट्या आईशी बोलून थांबत नाही, अख्खं घर बोलावते, त्याशिवाय गाठ सुटत नाही हे माझं ठाम मत. कागदावर दोन्हीकडची माणसं मांडली आणि म्हटलं दमा राहू दे, खाज आणि शिंका कुणाला? नवरा म्हणाला, "मला रोज सकाळी शिंका, पण ती साधी सर्दी." तेवढ्यात पोरगाच बोलला, "आजी हाताला मलम लावते ना, इसबाचं!" सासूबाईंनी पदर कोपरावर ओढला. मी पेन खाली ठेवलं. अशा वेळी गप्प बसायचं असतं, आणि ते मला आता बऱ्यापैकी जमतं. मग त्याच म्हणाल्या, "म्हणजे आमच्याकडूनही आलंय की काय?" सुनेने पहिल्यांदा वर बघितलं.

इसब, अॅलर्जीची सर्दी आणि दमा ही एकमेकांची भावंडं, बऱ्याचदा एकाच घरात दिसतात. दम्याचा एकच जीन, म्हणजे जनुक, नसतो, पुष्कळ जीन्सचा थोडा थोडा वाटा, तोही दोन्हीकडून. आणि नुसत्या जीन्सवर काही ठरत नाही, अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी धार्मिक समाजांतल्या लोकांचे जीन्स बरेच सारखे, तरी 2016 च्या अभ्यासात आमिश मुलांत दमा 5 टक्के, हटराइट मुलांत 21. आमिश पोरं गोठ्याजवळ वाढतात, हटराइटांची शेती यंत्रावर, घरापासून लांब.

आपल्या गोव्यात 2011 च्या जनगणनेतच 62 टक्के लोक शहरी भागात होते, आता तर बांधकामाची धूळ, ट्रॅफिकचा धूर, बंद फ्लॅट, वर पावसाळाभर ओल. या घरात कपाट सरकवलं तर मागची भिंत बुरशीने काळी, त्याला लागूनच पोराचा बेड आणि रात्री मच्छर कॉइल!

तेव्हा "कुणामुळे" सोडा, "कशाने वाढतो" ते बघा. ओल काढा, कॉइलऐवजी मच्छरदाणी लावा, घरात सिगरेट-अगरबत्ती नको. पंपाची (इनहेलरची) सवय लागेल या भीतीने तो परस्पर बंद करू नका, त्यातलं औषध थेट फुफ्फुसात जातं म्हणून थोडक्यात भागतं. आणि पोराला धापेमुळे बोलता येईना किंवा ओठ निळे दिसले तर सासूबाईंना विचारत बसू नका, 108 लावा.