चाकोऱ्या दिसतात, मग राष्ट्रीय दर्जा का नाही?

ओरेगॉन ट्रेलला, म्हणजे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या पश्चिमेकडे स्थलांतरितांच्या गाड्या ज्या वाटेने गेल्या तिला, फुटलेल्या एखाद्या उपवाटेवर चाकोऱ्या आजही स्पष्ट दिसत असतील, तर तिला 'राष्ट्रीय ऐतिहासिक वाट' ठरवायला हरकत काय, असं तुम्ही विचारलंय.

दोन उन्हाळे अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात जुन्या वाटा शोधणाऱ्या स्वयंसेवकांबरोबर फिरलोय, त्यावरून सांगतो. गर्न्झी गावाजवळ मऊ वालुकाश्मात चाकांनी कापलेले खोल चर आहेत. आजोळच्या बैलगाडीमुळे चाकोरी माझ्या ओळखीची, पण दगडात इतकी खोल चाकोरी पहिल्यांदाच पाहिली, आणि तिथून पाय निघेना. तरीही चाकोरी सांगते एवढंच, की इथून गाडी गेली. ती १८५० मध्ये स्थलांतरितांची गेली की १८९० मध्ये कुणा पशुपालकाची, हे दगड सांगत नाही. म्हणून प्रवाशांच्या डायऱ्या वाचायच्या, सरकारी भूमापकांनी जमीन मोजताना नकाशांवर आखलेले गाडीरस्ते पाहायचे आणि मग त्या जागी जाऊन चाकाच्या लोखंडी धावेने खडकावर सोडलेला गंज शोधायचा. हे तिन्ही जुळलं की खात्री पटते.

राष्ट्रीय वाटांसाठीच्या १९६८ च्या अमेरिकी कायद्यात ऐतिहासिक वाटांचा वर्ग १९७८ मध्ये आला. वाटेला त्यातल्या तिन्ही कसोट्यांवर उतरावं लागतं: वाट प्रत्यक्ष वापरातून घडलेली हवी, तिला राष्ट्रीय महत्त्व हवं आणि लोकांना आज तिथे जाण्यात किंवा तिचा इतिहास समजून घेण्यात रस वाटेल अशी ती हवी. वाट आज डोळ्यांना दिसलीच पाहिजे अशी अट नाही. ती कुठून जात होती हे पुरेसं माहीत असलं की झालं. त्यामुळे डांबराखाली गेलेली वाटही पात्र ठरू शकते आणि ठसठशीत चाकोऱ्यांची वाट दुसऱ्या कसोटीवर अडते.

ही दुसरी कसोटीच सगळ्यात अवघड. किती गाड्या गेल्या याला वजन आहे, पण कोण गेलं आणि का गेलं, याला माझ्या मते जास्त असावं. चेरोकी ट्रेल घ्या. १८४९ मध्ये सोन्यासाठी तिच्यावरून कॅलिफोर्नियाला निघालेल्या तांड्यात गोऱ्यांबरोबर चेरोकी या मूळ अमेरिकी जमातीचे लोकही होते. जेमतेम दहा वर्षांपूर्वी याच समाजाला सैन्याने घरादारातून हाकललं होतं. हाकलले गेलेले लोक आता स्वतःच्या इच्छेने पश्चिमेला वाट पाडतात, हा अमेरिकेच्या इतिहासाचा गाभा नाही तर काय? २००९ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, उपवाटांच्या फेरतपासणीचं काम नॅशनल पार्क सर्व्हिस या राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या सरकारी खात्याकडे सोपवलं तेव्हा हिचं नाव त्यात होतं, याचं मला फार समाधान वाटतं.

अभ्यास पार्क सर्व्हिस करते, दर्जा मात्र काँग्रेसच कायदा करून देते. वाट ज्यांच्या शेतातून जाते त्यांची जमीन त्यामुळे सरकारजमा होत नाही, हे त्यांना आधीच सांगा.

तुमच्या मनात एखादी ठरावीक वाट असेल तर आधी फोटो काढत बसू नका. त्या वाटेवरून गेलेल्या एखाद्याची तारीखवार डायरी शोधा आणि तिच्यातले नदीउतार नि मुक्काम जुन्या नकाशावर मांडून बघा.