गिटारची नव्हे, त्याच्या रात्रींची चौकशी करा

प्रश्न : मुलगा बारावीत आहे, गिटार उत्तम वाजवतो आणि संगीतातच करिअर करणार म्हणतो. खोलीत गिटारवादक जिमी हेंड्रिक्स आणि गायिका एमी वाइनहाउस यांची पोस्टर्स आहेत. ‘मोठे कलावंत सत्ताविसाव्या वर्षीच जातात’, असे तो हसत सांगतो. त्याला परवानगी द्यावी का? – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

हेंड्रिक्स १९७० मध्ये आणि वाइनहाउस २०११ मध्ये त्याच वयात गेले, हे खरे. पण १९५६ ते २००७ या काळात ब्रिटनमध्ये ज्यांचा अल्बम पहिल्या क्रमांकावर पोहोचला, अशा १,०४६ कलावंतांचा अभ्यास झाला, तेव्हा सत्ताविसाव्या वर्षी मृत्यू वाढलेले आढळले नाहीत. मात्र विशी-तिशीत त्यांना असलेला धोका सर्वसामान्यांच्या दोन ते तीन पट निघाला. म्हणजे चिरंजिवांचा आकडा चुकला, तुमची काळजी नाही.

मला अविची या स्वीडिश डीजेचे उदाहरण अधिक बोलके वाटते. विशीच्या आरंभीच तो जगभर कार्यक्रम करू लागला, मंचावर जाण्याआधीची धास्ती घालवण्यासाठी पिऊ लागला आणि २०१२ मध्ये, अवघ्या बाविसाव्या वर्षी, स्वादुपिंडाला सूज येऊन रुग्णालयात पोहोचला. २०१४ मध्ये पित्ताशय आणि अपेंडिक्स काढावे लागले, तरी दौरे पुन्हा सुरू झाले. २०१६ मध्ये त्याने दौरे बंद केले. २०१८ मध्ये मस्कतमध्ये त्याचा मृत्यू झाला, तेव्हा तो २८ वर्षांचा होता. दौऱ्यांवर अवलंबून असलेल्या इतक्या माणसांची कमाई एका मुलाच्या तारखांवर चालत असेल, तर ‘आता पुरे’ हे त्याला कोण सांगणार, हा प्रश्न मला त्याच्या व्यसनाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

म्हणून परवानगी जरूर द्या, पण आठवड्यात किती कार्यक्रम घेणार, तारखा कोण ठरवणार आणि नकार देण्याचा अधिकार कोणाकडे राहणार, हे आधीच बोलून घ्या. पदवी मात्र सोडू देऊ नका. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट प्रशिक्षण संस्थेतील ध्वनिमुद्रणाच्या अभ्यासक्रमालाही पदवी लागते आणि स्टुडिओतले काम मिळाले, तर रोज रात्री मंचावर उभे राहण्याची सक्ती उरत नाही. मरणाविषयीचे ते हसणे थांबून तो गप्प राहू लागला, तर मात्र वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावरही बोलता येते.

आणि त्याच्या पुढच्या कार्यक्रमाला तुम्ही किंवा त्याचे बाबा शेवटपर्यंत थांबा. टाळ्या संपल्यापासून वायरी गुंडाळून होईपर्यंत जो तासभर जातो, त्यात मुलांच्या हातात कोण काय आणून देते, ते बघा.